जुन्या गाडीचा गिअरबॉक्स: वरवरचा इलाज कुठवर चालतो?

गिअर खरखरतो, निसटतो, अडकतो. यातलं काय बाहेरून सुटतं आणि कशासाठी बॉक्स उतरवावाच लागतो? मुंबईत मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी सांभाळणाऱ्यांनी लिहा. किस्से नकोत, नेमकं काम सांगा. (उत्तरं लिहिणाऱ्याच्या भागाच्या नावाखाली.)

कुर्ला
आधी क्लच तपासा. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, तीन सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी रिंगची रचना) नसतो. तेव्हाही खर्रकन वाजला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलचा नट फिरवून पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण तीच खरी दुरुस्ती. रिव्हर्स गुपचूप पडतो आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतानाच खरखर होते, तर दुसऱ्याच्या सिंक्रोची पितळी रिंग झिजलीय. बॉक्स उतरेपर्यंत डबल क्लच मारा: न्यूट्रलला क्लच सोडून किंचित रेस द्या, पुन्हा दाबून दुसरा टाका. जबरदस्तीने टाकत राहिलात तर स्लीव्हचे (सरकून गिअर जोडणाऱ्या कड्याचे) दात गोल होतात आणि मग गिअर निसटू लागतो.

दादर
तेल बदलताना आधी वरचा फिलर बोल्ट सोडवून बघा, मगच खालचा ड्रेन. फिलर जाम निघाला तर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. गाडी सपाट जागी ठेवून भोकाच्या काठापर्यंत तेल भरा. पितळी रिंगा असलेल्या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं गिअर तेल घाला. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं काही तेलांत पितळ खातात. ड्रेन बोल्टवर करडा चिखल असेल तर चिंता नाही. पिवळी चमक म्हणजे रिंग, लोखंडाचे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग.
पावसात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात गाडी अडकली असेल तर तेल जरूर बघा. ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या भोकातून) पाणी शिरतं, तेल दुधाळ होतं. ते लगेच काढा, नवीन भरून दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला.

गिरगाव
स्टिअरिंगवर गिअर असलेल्या पद्मिनीचा गिअर सापडत नसेल तर बॉक्सला हात लावू नका. आधी लिंकेजचे (दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश हलवून बघा. दांडा ढिला झाला की दोन गिअरांच्या मध्ये अडकतो. तारेने आवळलेलं लिंकेज फार टिकत नाही. बुश नवीन टाका, ग्रीस भरा.

भांडुप
न्यूट्रलला घरघर आणि क्लच दाबला की बंद: इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून बॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज: क्लच बेअरिंग. पहिल्या आवाजावर इलाज म्हणून घट्ट तेल ओतलं की तो दबतो, पण बेअरिंग झिजतच राहतं आणि थंड गाडीत गिअर जड पडतात.
बॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, क्लच बेअरिंग, इनपुट शाफ्टचं सील आणि क्रँकचं मागचं सील बघून घ्या. मजुरी उतरवण्या-चढवण्याची असते, सीलची नव्हे. पितळी रिंग गिअरच्या निमुळत्या कोनवर दाबून दोघांच्या दातांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा: मारुतीत नवीन रिंगला साधारण १ मिमी, ०.५ च्या खाली गेली की बाद. सर्कलिप (भाग जागी धरणारं स्प्रिंगचं कडं) जुनी परत लावू नका. बेअरिंग प्रेसनेच बसवा. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावर, बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांचे खड्डे पडतात.

सांताक्रूझ
कुर्ल्याच्या बाजारातून जुना अख्खा बॉक्स घेताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघा आणि तेल बोटावर चोळा. लाकडाचा भुसा लागला तर तो बॉक्स घेऊ नका, भुसा आवाज दाबायला घातलेला असतो.