गडग्याला पोट का सुटतं?

कातळमाथा: आंब्याच्या बागेभोवती जांभ्याच्या धोंड्यांचा कोरडा गडगा, म्हणजे सिमेंट-चुन्याशिवाय रचलेली कुंपणाची भिंत आहे. उंची ४ फूट, लांबी १०० फूट. दोन पावसाळ्यांत तीन ठिकाणी पोट सुटून ढासळला. गवंडी म्हणतो सांध्यांत सिमेंट भरा. भरावं का? आणि दगड किती लागेल?

चिरेखाण: सिमेंट नको. ढासळलेल्या जागी आतली भर बघा, बहुतेक फावड्यानं ओतलेली माती आणि चुरा निघेल. पावसात ती भिजून खाली बसते आणि दोन्ही फळ्यांना, म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंच्या दगडी रचनेला, बाहेर रेटते. भर दगडाचीच हवी: मुठीएवढे कठीण तुकडे, प्रत्येक थराबरोबर हातानं अडकवलेले. हाताला भुगा होणारा मऊ जांभा भरीत घालू नका.

दुसरी चूक दगड ठेवण्यात होते. लांब दगड दर्शनी बाजूला आडवा टाकला की भिंत भराभर उठते, पण पकड राहत नाही. दगडाची लांबी आत गेली पाहिजे. सांधमोड, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा दगड, प्रत्येक थराला पाळा. एकावर एक तीन सांधे आले तर तिथूनच फाटणार.

माप असं धरा: तळ २७ इंच, माथा १५ इंच, म्हणजे दोन्ही अंगांनी दर फुटाला दीड इंच आत. सरासरी रुंदी पावणेदोन फूट, म्हणून धावत्या फुटाला ७ घनफूट, १०० फुटांना ७ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). अर्थात तुमचा जुना दगड तिथेच पडलाय, नवा फक्त फुटलेल्याच्या बदली लागेल.

२ फूट उंचीवर, लांबीत दर ३ फुटांना एक आरपार दगड घाला. एवढा लांब जांभा मिळत नसेल तर दोन्ही फळ्यांतून एकेक लांब दगड आत घेऊन शेजारी शेजारी भिडवा.

कातळमाथा: पाया किती खणायचा? एका जागी वरच्या अंगाची मातीही गडग्याला टेकली आहे.

मुरूममाती: पाया मऊ माती काढून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत. सगळ्यात मोठे धोंडे तिथेच.

माती टेकलेला तुकडा मात्र वेगळा समजा, तो कुंपण नाही, धारक भिंत आहे. त्याचा तळ अडीच फूट करा, पाठीमागे फूटभर दगडगोटे भरा. पाणी सांध्यांतून निघून जातं म्हणूनच कोरडा गडगा टिकतो. सिमेंटनं तोंडं बुजवली की मागे पाणी तुंबून अख्खी भिंत ढकलली जाते.

चिरेखाण: आणि उकलताना फुगीर भागापुरतं थांबू नका. दोन्ही बाजूंना पक्की रचना लागेपर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी उकला, म्हणजे नवं जुन्यात गुंततं. हलणाऱ्या दगडाला कपची आतून द्या, बाहेरून ठोकलेली वर्षभरात निसटते.