जठरातला जंतू काढला की कोलेस्टेरॉल उतरतं का?

जठरवेध:
एच. पायलोरी हा जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणारा जंतू. मार्शल आणि वॉरन यांनी तो १९८२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि २००५ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. अल्सरशी आणि जठराच्या कर्करोगाशी त्याचं नातं आता पक्कं झालं आहे. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. रक्तातली चरबीही हा जंतू बिघडवतो, आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) वाईट आलं तर आपण त्याचा विचारच करत नाही.

लागण असलेल्यांत एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) थोडे जास्त, हे अनेक तुलनात्मक अभ्यासांत दिसलं आहे. कारणही समजण्यासारखं आहे. अस्तरात दाह सतत धुमसत राहतो आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात उतरतात. टीएनएफ-अल्फा लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम दाबतं, म्हणून ट्रायग्लिसराइड रक्तातून लवकर हटत नाहीत. शिवाय यकृत व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण, जास्त सोडायला लागतं. त्यात हा जंतू स्वतः कोलेस्टेरॉल बनवू शकत नाही. तो जठराच्या पेशींच्या आवरणातून ते ओढतो, त्याला ग्लुकोज जोडतो आणि त्याच्या आडोशाने रोगप्रतिकारक पेशींना चुकवतो.

म्हणून प्रस्ताव असा: एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त आणि जोडीला अपचन असेल, तर जंतूची चाचणी करावीच.

आकडेमोड:
कोलेस्टेरॉल ओढण्याचा मुद्दा इथे लागू नाही. ते सगळं अस्तराच्या पातळ थरात घडतं, रक्तातला साठा त्याने हलत नाही. दाहाचा मुद्दा मान्य, पण परिणाम केवढा? गटांच्या सरासरीतला फरक बहुधा थोड्याच मिलिग्रॅमचा असतो. एकाच माणसाचे ट्रायग्लिसराइड दोन वेळा मोजले तरी २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होतात.

शिवाय लागण होते मुख्यतः लहानपणी, दाटीवाटीच्या घरात, घरातल्याच माणसांकडून. गरिबी, धूम्रपान, वय, वजन या गोष्टी त्याच लोकांत एकत्र येतात आणि चरबीही त्यांनीच बदलते.

आणि रिपोर्टवरचा एलडीएल बहुतेक वेळा मोजलेला नसतो, काढलेला असतो: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. उपचाराआधी एकूण २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असतील तर एलडीएल १४०. उपचारानंतर एकूण २१०च, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड २००, तर एलडीएल १२६. कागदावर १४ ने उतरला! पण एकूणातून एचडीएल वजा केलं तर १७० चे १६६ झाले, बस्स. ट्रायग्लिसराइड तर वाढलेच.

जठरवेध:
हे गणित मान्य. तुलना नॉन-एचडीएलचीच (एकूण वजा एचडीएल) हवी किंवा एलडीएल थेट मोजलेला हवा. पण गरिबीचा मुद्दा एका जागी अडतो. जंतू काढल्यावर त्याच माणसांत एचडीएल वाढल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. दोन-तीन महिन्यांत कोणाचं बालपण बदलत नाही.

आकडेमोड:
बालपण नाही, पण जेवण बदलतं. पोटाचा त्रास थांबला की भूक सुधारते, काहींचं वजन वाढतं, आणि काही अभ्यासांत ट्रायग्लिसराइड वर गेले ते बहुधा त्यामुळेच. उपचार न घेतलेला गट शेजारी नसेल तर आधी-नंतरच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. आणि एचडीएल वाढला म्हणजे हृदय वाचलं असंही नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवला, पण मृत्यू वाढले म्हणून २००६ मध्ये ती चाचणीच थांबवावी लागली.

औषधयोग:
तुम्हा दोघांच्या वादात औषधाच्या गोळ्या राहून गेल्या, आणि खरं नुकसान तिथेच होतं. जंतूच्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असेल तर ते यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम अडवतं. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन ही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं, त्याच वाटेने निकाली निघतात. वाट बंद झाली की रक्तातली मात्रा कित्येक पटींनी चढते, स्नायू विरघळू शकतात आणि मूत्रपिंडावर येऊ शकतं. ही दोन्ही औषधं कोर्सभर बंद ठेवायची असतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण फारशी नाही. बदल डॉक्टरांनीच करायचा. पण स्टॅटिन चालू आहे हे पेशंटने सांगितलंच पाहिजे. स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवायचं.

यात तुमच्या वादाचं एक उत्तरही आहे. १४ दिवसांच्या कोर्सभर स्टॅटिन बंद राहिलं की एलडीएल चढतो. लगेच लिपिड प्रोफाइल केलं तर ‘जंतू गेला आणि कोलेस्टेरॉल वाढलं’ असा निष्कर्ष निघतो. स्टॅटिन पुन्हा सुरू करून किमान ४ ते ६ आठवडे जाऊ द्या, मग मोजा.

जठरवेध:
हे खरंच महत्त्वाचं आहे. प्रस्ताव बदलतो. फक्त लिपिड बिघडलेत म्हणून जंतूची चाचणी नको. त्याआधी थायरॉइड, साखर आणि लघवीतलं प्रथिन बघावं. पण अपचन सतत असेल, अल्सर होऊन गेला असेल किंवा हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन सुरू होणार असेल, तर चाचणी हवीच. अ‍ॅस्पिरिन आणि हा जंतू एकत्र आले की अल्सरमधून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आकडेमोड:
अ‍ॅस्पिरिनवाल्यांबद्दल पूर्ण सहमत. तिथे जंतू काढण्याचं कारण पोटातच आहे, चरबीचा दाखला लागतच नाही.

औषधयोग:
चाचणी कोणती तेही बघा. रक्तातली अँटिबॉडी जंतू गेल्यावरही महिनोन् महिने दिसते, म्हणून बरं झालं का ते तिने कळत नाही. श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजेनची चाचणी घ्या. आधी अ‍ॅसिडिटीच्या पीपीआय गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक व बिस्मथची औषधं ४ आठवडे बंद हवेत, नाहीतर जंतू असूनही निकाल ‘नाही’ येतो. अ‍ॅस्पिरिनसोबत पोट जपायला पीपीआय चालू असेल तर ते स्वतःहून थांबवू नका, कधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा तपासा. पहिल्या कोर्सला जंतू दाद देत नाही असं बऱ्याचदा होतं.