एकटी ओम्नी घेऊन वाईला गेले, तर बेजबाबदार?

पागनीस पागा
काल इथे महूकर यांनी लिहिलं की वीस वर्षं जुन्या व्हॅनमधून साठीच्या बाईने एकटीने सातशे किलोमीटर जाणं हे धाडस नाही, बेजबाबदारपणा आहे. अशा गाड्या भंगारात घाला आणि अशा बायकांना घरच्यांनी समजवा. नाव घेतलं नसलं तरी ती बाई मीच. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी २००४ ची, ह्यांनी घेतलेली. ते गेल्यापासून मीच चालवते. २०१९ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन फेरनोंदणी केली, २०२४ मध्ये पुन्हा केली. मधल्या काळात त्याची फी ६०० ची ५००० झाली, तीही भरली. चोरून चालवत नाही.

निघण्याआधी ब्रेक ऑइल सगळं काढून नवं भरलं. ते हवेतला ओलावा शोषतं, लांब उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. फॅन बेल्ट, रेडिएटरचे पाइप नवे घातले. टायरची नक्षी चांगली शिल्लक होती, पण बाजूवरचे चार आकडे वाचले, १११६. म्हणजे २०१६ च्या अकराव्या आठवड्यातले. चारही बदलले. किती जणांनी आपल्या नव्या गाडीचे हे आकडे कधी वाचलेत?

पहाटे पाचला इंदूरहून निघाले. खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा उजाडलं होतं. सेंधव्याला चहा, बिजासन घाट उतरून धुळे, मुक्काम नाशिकला. दुसऱ्या दिवशी संगमनेर, पुणे, खंबाटकी चढून सुरूर फाट्यावरून वाई, माझं माहेर. काटा साठच्या वर नेला नाही. इंजिन सीटखालीच, घाटात बूड भाजतं, म्हणून दर दोन तासांनी थांबले. अंधारात गाडी चालवली नाही. यातलं बेजबाबदार काय होतं, ते एकदा नीट सांगा.

महूकर
ताई, सांगतो. ब्रेक ऑइल बदललं म्हणून गाडीला बॉनेट उगवत नाही. ओम्नीत समोरचा पत्रा आणि लगेच आपले गुडघे. एअरबॅग नाही, एबीएस नाही. नव्या सुरक्षा नियमांत बसेना म्हणूनच २०१९ मध्ये ती बनवायची बंद केली ना?

माझा मेहुणा २०११ मध्ये अशीच ओम्नी घेऊन निघाला होता. तोही हळूच चालवायचा. पुढचा ट्रक अचानक थांबला. बेल्ट लावला होता म्हणून जीव वाचला, पण दोन्ही पाय चिरडले. तो आजही कुबड्यांवर आहे, बहिणीचं आयुष्य त्याला उठवण्या-बसवण्यात गेलं. तुमचा फोटो बघून लोक टाळ्या वाजवत होते आणि मला तो दिसत होता. म्हणून लिहिलं.

देवास नाका
मी तीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये आहे. घाटात माणूस गाडीच्या वयाने मरत नाही, न्यूट्रलने मरतो. गणपती घाटात किती ट्रक जळालेले पाहिले. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढतात, मग सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापून लाल, आणि खाली जो कुणी असेल तो गेला. त्यात तुमची ओम्नी काय आणि वीस लाखांची एसयूव्ही काय. ताई, बिजासन कुठल्या गिअरमध्ये उतरलात?

पागनीस पागा
दुसऱ्यात. सरळ पट्ट्यात तिसरा.

देवास नाका
मग मला काही बोलायचं नाही.

नर्मदाकाठ
मुळात ही वेळ का येते? इंदूरच्या मराठी माणसाला धुळ्या-नाशिकला थेट रेल्वे नाही. मुंबईची अवंतिका रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घालून जाते. इंदूर-मनमाड मार्ग मागता मागता माझे वडील गेले. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने एकदाची मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. ती लाइन आधीच असती तर ताई आरामात मनमाडला गेल्या असत्या, तिथून दौंड, पुणे, सातारा. होळकरांच्या काळापासून आपली घरं इथे, सोयरीक तिकडे, आणि मध्ये रूळ नाहीत!

धार रोड
तुमचं मनमाड निदान मंजूर झालं. आमच्या धारवरून जाणाऱ्या इंदूर-दाहोद लाइनचं भूमिपूजन २००८ मध्ये झालं होतं. धारच्या माणसाला विचारा वाट बघणं म्हणजे काय.

नर्मदाकाठ
दाहोदचा आणि मराठी माणसाचा काय संबंध?

धार रोड
काय संबंध? धारला पवारांचं राज्य होतं, साहेब. आमच्या घरात सात पिढ्या मराठी बोलतात. इंदूरच्या बाहेर मराठी माणूस राहतो हे तुम्हाला ठाऊकच नसतं.

नर्मदाकाठ
शब्द मागे घेतो. पण मनमाडचा मार्ग आधी व्हायला हवा, हे मागे घेत नाही. पूर्वी मीटरगेजने महू, पाताळपाणी, कालाकुंड, खंडवा, अकोला असं निदान विदर्भात तरी उतरता यायचं. आजोळच्या सगळ्या आठवणी त्या गाडीच्या आहेत.

महूकर
रेल्वेचा विषय कुणी काढला होता? वाईला रेल्वे नाहीच. वाठारला उतरून एसटीच धरावी लागते. मी माणूस मरण्याबद्दल बोलतोय आणि तुम्ही आजोळ काढून बसलात.

सुदामा नगर
मला थोडं बोलू द्या. मी महूकर यांच्याच बाजूचा होतो. माझ्या आईलाही गेल्या वर्षी बाबांची जुनी गाडी घेऊन एकटीने ओंकारेश्वरला जायचं होतं. फक्त ऐंशी किलोमीटर. मी चावी लपवली. भांडली नाही ती. नुसतं म्हणाली, "बरं." त्यानंतर तिने कुठेच जायचं म्हटलं नाही. देवळात चल म्हटलं तरी नको म्हणते. डॉक्टर म्हणतात तब्येत ठीक आहे. मला माहीत आहे काय झालंय ते. चावी परत दिली, ती देवघरात पडून आहे.

महूकर
चावी लपवणं चूक होतं, मान्य. पण आई आज डोळ्यांसमोर आहे ना तुमच्या?

पागनीस पागा
महूकर, तुमच्या मेहुण्यांचं वाचून पोटात तुटलं. ते आधीच लिहिलं असतंत तर मी इतकी चिडले नसते. तुम्ही 'घरच्यांनी समजवा' लिहिलंत, ते लागलं. चाळीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून नकाशा धरला, डबा धरला, मुलं धरली. वाईला घाटावर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि कृष्णेकडे बघत अर्धा तास तशीच बसून राहिले. कुणी 'चल' म्हणणारं नव्हतं. तो अर्धा तास मला वीस लाखांची गाडी देणार नव्हती, कारण ती मुलगा चालवणार.

समोर पत्राच आहे, हे खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ट्रकच्या मागे मी चार गाड्यांचं अंतर ठेवते, तेवढंच माझ्या हातात आहे.

महूकर
'समजवा' हा शब्द चुकला. बाकीचं मी अजूनही म्हणतो. पुन्हा कधी निघताय?

पागनीस पागा
दिवाळीनंतर.

महूकर
चार नाही, सहा गाड्यांचं अंतर ठेवा. आणि पलासनेरला घाट उतरलात की इथे दोन शब्द टाका.

देवास नाका
माझे ड्रायव्हर रोज त्या रस्त्याला असतात. गाडीचा रंग सांगून ठेवा, ताई.

पागनीस पागा
पांढरी. मागच्या काचेवर ह्यांनी लावलेला गणपती आहे.