कळंबा जेलचा हिशोब कोल्हापूरकरांना कळायला नको का?

पापाची तिकटी: कळंबा मध्यवर्ती कारागृहात मोबाईल सापडल्याची बातमी आपण किती वेळा वाचली? २ जून २०२४ ला तर १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या शिक्षाबंद्याचा आतच खून झाला, ड्रेनेजच्या लोखंडी झाकणानं. अशा वेळी झडती होते, निलंबन होतं, विषय संपतो. माझी मागणी एवढीच, की शिधा, औषधं, कॅन्टीन आणि जेलमधल्या कारखान्याचा जमाखर्च अन् अभ्यागत मंडळाचे, म्हणजे जेलला भेट देऊन पाहणी करणाऱ्या समितीचे, शेरे दर सहा महिन्यांनी लोकांपुढं यावेत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर खर्च आपणहून जाहीर करायला सांगतं.

पेठेतला: मला हे पटत नाही. महालेखापाल तपासतात, अहवाल विधिमंडळात जातो, वर लोकलेखा समिती आहे. जॅमर, कॅमेरे, भिंतीची दुरुस्ती यांचे आकडे चव्हाट्यावर आले तर फायदा टोळ्यांचाच होणार.

पापाची तिकटी: दादा, कॅमेरे कुठं आहेत ते कोण विचारतंय? डाळ किती आली आणि ताटात किती पडली, ते सांगा.

निवृत्त लेखापरीक्षक: आयुष्य सरकारी हिशोब तपासण्यात गेलं, म्हणून बोलतो. निविदा, बिलं आणि साठा नोंदवही जुळली की कागदावर आक्षेप उरत नाही. पण बंद्यांची संख्या रोज बदलते. कुणी कोर्टात नेलेला, कुणी सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखल, कुणी दुपारी जामिनावर सुटलेला. त्या दिवसाच्या खऱ्या हजेरीशी शिधा जुळवून पाहिल्याशिवाय गळती सापडत नाही, आणि ते काम वर्षानंतर येणाऱ्या पथकाकडून होत नाही. न सांगता जाऊन कोठीत वजनकाटा लावावा लागतो. नुसते आकडे जाहीर करून भागेल असं मला वाटत नाही.

राजारामपुरीची ताई: माझा भाऊ न्यायाधीन बंदी होता, म्हणजे खटला चालू असलेला, दुसऱ्या जिल्ह्यात. आम्ही दर महिन्याला मनीऑर्डर करायचो. कॅन्टीनला किती गेले, शिल्लक किती, कधी कळलं नाही. सुटताना हातात चिठ्ठीसुद्धा नाही. तक्रार का केली नाही म्हणाल, तर आपला माणूस आत असतो हो.

पेठेतला: ताई, बंद्याच्या खात्याची पावती घरच्यांना मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. पण मूळ दुखणं अपुऱ्या शिपायांचं आहे. भिंतीवरून पुडकी आत फेकल्याचे प्रकार आपल्याकडंच घडलेत. आधी माणसं भरा, मग हिशोब मागा.

पापाची तिकटी: पदं रिकामी आहेत हेसुद्धा अभ्यागतांच्या शेऱ्यांतूनच लोकांना कळेल ना? अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्यातल्या बंद्यांनी वळलेत. बंद्यांना कामाची रास्त मजुरी द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच सांगितलंय, मग त्या मजुरीचा हिशोबही दिसायला नको का? त्याच न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात जातिभेद होतो का ते पाहण्यासाठी अभ्यागत मंडळ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं मिळून नियमित तपासणी करावी, असाही आदेश आहे. त्या तपासणीतच कोठी आणि बंद्यांची खाती बघितली तर वेगळा खर्चही नाही.

पेठेतला: बघू देत. शेरे जाहीर करताना सुरक्षेचा भाग मात्र अधीक्षकांनी वगळावा.

पापाची तिकटी: अधीक्षकांनी नको, जिल्हा न्यायाधीशांनी वगळावा. यावर मी मागे हटणार नाही.