शहरातल्यांनी गावात जाऊन कोरोनाची लस घेतली, ते बरोबर होतं का?

कोथरूडकर: १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी फक्त कोविन या सरकारी पोर्टलवर. आमच्या पिनकोडला जागा दिसायची आणि ओटीपी टाकेपर्यंत संपलेली असायची. असे सहा दिवस गेले. घरी आईचं डायलिसिस चालू होतं, तिला घेऊन मलाच जावं लागे. सातव्या दिवशी अख्खा जिल्हा शोधला आणि मुळशीतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जागा मिळाली. केंद्राबाहेर सगळ्या एमएच-१२ च्या, म्हणजे पुण्याच्या गाड्या, आणि पलीकडे झाडाखाली बसलेले गावकरी. परवा पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही त्यांची लस घेतलीत." मला हे पटत नाही. कुठलंही केंद्र निवडायची मुभा सरकारनेच दिली होती. तुमचं काय मत?

मुळशीची आशा: दादा, मी तेव्हा तिथे आशा सेविका होते. झाडाखालच्या त्या माणसांना मी वाडीवाडीवर हिंडून, हातापाया पडून आणलं होतं. लसीने माणूस दगावतो असं घरोघरी बोललं जायचं. एक तिशीची बाई म्हणाली, "ताई, तू म्हणतेस म्हणून येते." रोजगार बुडवून आली, तर यादीत नाव नाही. तिच्याकडे साधा फोन, आणि कोविन तेव्हा इंग्रजीत. पुढच्या वेळी बोलावलं तर दार उघडेना. तुमच्या आईचं दुखणं मला कळतं. पण "पटत नाही" म्हणू नका.

हडपसरवाला: कोविशिल्ड लस आमच्या इथल्या मांजरी गावात बनत होती आणि मला भोरला जावं लागलं! दोष नियमाचा. लोकांना कशाला बोल लावायचा?

सिंहगड रोड: कुपीत दहा डोस असायचे, फोडली की चार तासांत संपवायची. माझी बहीण ग्रामीण केंद्रात लस टोचायची. दुपारनंतर माणसं जमेनात, तेव्हा कुपी फोडावी की नाही हा तिला रोजचा घोर. शहरातले आले म्हणून डोस वाया गेले नाहीत.

मुळशीची आशा: ते एप्रिलचं असेल, ४५ च्या वरच्यांचं. मे महिन्यात आमच्याकडे डोसच मोजके यायचे, वाया जायला उरतील कुठून? २४ मेला सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची परवानगी आली. पण त्याआधीच्या तीन आठवड्यांत जो विश्वास गेला, तो परत मिळवायला मला सगळा पावसाळा लागला.

कोथरूडकर: आईसाठी मी पुन्हाही गेलो असतो, हे खरंच सांगतो. पण ती माणसं नुसती बसलीत असं मी धरून चाललो, एकालाही विचारलं नाही. ते चुकलं. त्या बाईंना लस मिळाली का हो?

मुळशीची आशा: मिळाली. ऑगस्टमध्ये, भातलावणी उरकल्यावर. मीच हात धरून नेलं.