गोल चेहऱ्याच्या नवरीला कॉन्टूरिंग कसं करायचं? ट्रायलमध्ये गालांवर पट्टे दिसले

कृष्णाकाठ :
धाकट्या बहिणीचं लग्न १५ दिवसांवर आलंय. मुहूर्त सकाळी ११ नंतरचा, कराडजवळ, मोकळ्या पटांगणात मंडप. तिचा चेहरा गोल, गाल भरलेले, हनुवटी लहान, रंग सावळा. गेल्या रविवारी एका पार्लरमध्ये ट्रायल घेतली. आरशात छान दिसत होती. बाहेर येऊन गाडीत बसली तर दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे, आणि चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या. बाबांनी विचारलं, "गालाला काय लागलंय गं?" ती रस्ताभर गप्प होती. घरी आल्या आल्या तोंड धुतलं. आता म्हणते, ताई, तूच कर माझा मेकअप.

बेस, काजळ, आयशॅडो मला बऱ्यापैकी जमतं. कॉन्टूर (गडद रंगाने चेहऱ्यावर सावली काढणं) आणि हायलायटर (ठरावीक भाग उजळ करणारा) यांना मात्र कधी हात लावलेला नाही. चेहऱ्याच्या आकारांचे तक्ते पाहिले. गोल चेहऱ्यावर इंग्रजी तीनचा आकडा काढा म्हणतात, कपाळाच्या कडेपासून गालाखाली आणि तिथून जबड्यावर. पार्लरवाल्या ताईंनी तेच केलं होतं. मग बिघडलं कुठे? नऊवारी, खोपा, नथ, मुंडावळ्या असा सगळा पारंपरिक साज आहे. कुणी नीट समजावून सांगेल का?

चौकोनी चेहरा :
बहुतेक कॉन्टूरऐवजी ब्राँझर वापरला असणार. माझंही आधी असंच व्हायचं. ब्राँझर लालसर असतो, त्यात बारीक चमक असते, कारण तो उन्हाने रापलेल्या त्वचेसारखा दिसावा म्हणून बनवलेला असतो. सावली कधी चमकत नाही. त्यामुळे कॉन्टूरला पूर्ण मॅट शेड घे, बहिणीच्या रंगापेक्षा फार तर दोन शेड गडद. आणि फार राखाडीही नको, सावळ्या रंगावर राखाडी शेड राख फासल्यासारखी दिसते.

माझा जबडा रुंद आहे. मी फक्त कानाखालचे दोन कोपरे आणि कपाळाचे दोन कोपरे हलकेच गडद करते, बाकी काही नाही. मला तेवढं पुरतं.

रंगपट :
कृष्णाकाठ, आधी एक सांग, त्या पार्लरच्या आरशाला चारी बाजूंनी दिवे होते ना? ट्रायल तिथेच बिघडली असं मला वाटतं.

माझे वडील नाटकांची रंगभूषा करायचे. मी १२ वर्षांची असल्यापासून रंगपटात त्यांच्या पेटीशेजारी बसायचे, पुढे हाताखाली काम केलं. आता २२ वर्षं झाली, नवऱ्या सजवते. वडिलांची एक पद्धत होती. नटाचा चेहरा रंगवून झाला की त्याला रंगमंचावर उभं करून दिवे लावायला सांगायचे आणि स्वतः प्रेक्षागृहात मधल्या रांगेपर्यंत चालत जायचे. तिथून बघायचे, परत यायचे, अनामिकेने गालावरचा रंग जरासा पुसायचे, पुन्हा मागे जायचे. आरशासमोर "झालं" असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

हे सांगायचं कारण असं की कॉन्टूरिंगचं मूळ रंगमंचावर आहे. पूर्वी पायदिव्यांचा उजेड खालून यायचा. उजेड खालून आला की गालाच्या हाडाखालची आणि हनुवटीखालची सावली पुसली जाते, चेहरा ताटासारखा सपाट दिसतो. ती गेलेली सावली नट रंगाने परत काढायचे. बर्लिनमध्ये लुडविग लाइश्नर यांनी १८७३ मध्ये रंगमंचासाठी ग्रीजपेंट, म्हणजे चरबीत कालवलेला चेहऱ्याचा रंग, बनवायला सुरुवात केली, ते स्वतः ऑपेरा गायक होते. आरशाभोवतीचे दिवेही त्या पायदिव्यांसारखंच करतात, सगळीकडून उजेड टाकून चेहऱ्यावरची सावली खातात. मग करणाऱ्याला वाटतं, अजून थोडं गडद हवं, अजून थोडं. बाहेर आलं की उन्हाची खरी सावली तिथे पडते आणि त्यावर ही रंगवलेली सावली. बाबांना दिसला तो पट्टा असा तयार झाला.

तेव्हा मेकअप खिडकीशेजारी कर. उजेड समोरून येऊ दे आणि दर दहा मिनिटांनी तिला उठवून अंगणात नेऊन बघ. मंडपाचं कापड कोणतं आहे तेही आजच विचार. पांढरं असेल तर उजेड मऊ पसरतो, काम सोपं होतं. लाल-केशरी असेल तर तो रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. अशा वेळी गालावर गुलाबी ब्लश कमी लाव, नाहीतर फोटोत नवरी तापाने फणफणल्यासारखी दिसते.

दुसरी गोष्ट बेसची. मान आणि चेहरा वेगळा दिसला म्हणजे बेस तिच्या रंगापेक्षा दोन शेड तरी फिका लावला होता. फिक्या बेसवर कोणताही कॉन्टूर डागासारखाच दिसणार. हे मला मनापासून लागतं. २२ वर्षांत किती सावळ्या मुली माझ्यासमोर बसल्या आणि त्यांच्या मागे उभी राहून कुणीतरी म्हणालं, "जरा उजळ करा हं." मी करत नाही. सावळ्या त्वचेवर उजेड पडला की गालाच्या हाडावर जी झळाळी येते ती फिक्या बेसखाली मरून जाते. तू बेस जबड्याच्या कडेवर लावून बघ. लावलेला कुठे संपला ते दिसलं नाही की तो तिचा शेड.

आता तुझ्या तीनच्या आकड्याबद्दल. त्याचा वरचा भाग, म्हणजे कानशिलाजवळचा, तुला लागणारच नाही. तिला मुंडावळ्या बांधायच्या आहेत. कपाळावरून आडवी गेलेली सर आणि कानांपुढून दोन्ही गालांवर उतरणाऱ्या मोत्यांच्या सरी डोळ्यांसमोर आण. गोल चेहऱ्याच्या दोन्ही कडा त्याच झाकतात आणि चेहऱ्याला उभी रेघ देतात. रंगाने जे करायला निघालो ते मोत्यांनी आधीच केलेलं असतं. तक्ते काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंडावळ्या नसतात. तिथे गडद रंग भरलास तर मोती त्यावर घासून पांढऱ्या-तपकिरी रेघा पडतील. तिथे नुसती पातळ पावडर ठेव. कपाळावरची सर जिथे बसते तिथे चमकही नको.

राहिला गाल. तिला "ऊ" म्हणायला लाव, म्हणजे गाल आत जातील आणि हाडाखाली खोलगट जागा दिसेल. क्रीम कॉन्टूर घे. कानाच्या मधल्या उंचीपासून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने ये, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली थांब. पुढे गेलीस की गाल बसलेले दिसतात. कानाजवळ जास्त, पुढे येईल तसं नाहीसं. ओल्या स्पंजने वरच्या दिशेला थोपट, ओढू नको. खालची कड थोडी दिसली तरी चालेल असं काहीजणी म्हणतात. दिवसाच्या उजेडात नाही चालत. मग जबड्याच्या हाडाखाली, हाडावर नव्हे, हलका हात फिरव आणि तो मानेत मिसळून टाक. खोप्यासाठी केस मागे घट्ट ओढलेले असतात, त्यामुळे कान, जबडा, मान सगळं उघडं पडतं. मोकळ्या केसांत खपून जाणारी कड इथे उठून दिसते.

क्रीमचं काम पावडर लावायच्या आधी संपव. पावडरवर क्रीम लावलंस की पापुद्रे येतील.

गोल चेहऱ्याला खरा आधार हायलाइटचा असतो, आणि तो चमकणारा असायची गरज नाही. तिच्या रंगापेक्षा एक शेड फिका कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम) कपाळाच्या मध्यावर (सरीच्या खाली, भुवयांच्या वर), नाकाच्या दांड्यावर, हनुवटीच्या मध्यावर. हे तीन ठिपके एका उभ्या रेषेत येतात, नजर वर-खाली फिरते आणि लहान हनुवटी पुढे येते. चमकणारा हायलायटर फक्त गालाच्या हाडाच्या वरच्या टोकावर, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या पेराएवढा. हसल्यावर जो गोळा वर येतो त्यावर अजिबात नको, तो भाग आणखी मोठा दिसतो.

एक माझी चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक लांबट चेहऱ्याची मुलगी आली होती. लागोपाठ चार-पाच नवऱ्या गोल चेहऱ्याच्या केल्या होत्या आणि हात त्याच वळणावर गेला, गालांखाली तिरकी सावली, हनुवटीवर उजेड. तिची आई आली, लेकीकडे बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "माझी पोर आजारी दिसतेय हो." खरंच दिसत होती. लांब चेहऱ्याला सावली कपाळाच्या वरच्या कडेला आणि हनुवटीच्या टोकाखाली हवी, ब्लश आडवा हवा. मी सगळं पुसून पुन्हा केलं, बाहेर गुरुजी हाका मारत होते. त्या दिवसापासून मी प्रत्येकीचे केस बांधून, बिनमेकअपचा चेहरा दोन मिनिटं नुसता बघते. तूही बघ. बहिणीचा चेहरा रोज बघतेस म्हणून तो तुला ठाऊक आहे असं समजू नकोस.

कृष्णाकाठ :
काकू, किती सविस्तर लिहिलंत! आरशाला दिवे होते, चारी बाजूंनी. बेस फिका होता हेही खरं, मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

दोन शंका आहेत. नाकाला कॉन्टूर करू का? तिचं नाक थोडं पसरट आहे आणि नथ मोठी आहे, नाक टोचलेलं नाही, प्रेसची आहे. आणि हळद आदल्या दिवशी संध्याकाळी आहे, तिचा रंग चेहऱ्यावर राहिला तर काय करायचं?

रंगपट :
नाकाच्या बाजूंना रेघा नको. नथ डाव्या नाकपुडीवर येते, तिची स्वतःची सावली पडते. त्यात तुझी रेघ मिसळली की एक बाजू काळी दिसते. शिवाय प्रेसची नथ दिवसभरात चार वेळा निसटणार, चार वेळा बसवावी लागणार, तेवढा रंग बोटांबरोबर निघणार. भुवईच्या आतल्या टोकापासून नाकाच्या सुरुवातीपर्यंत, डोळ्याच्या कोपऱ्याजवळ किंचित सावली दे आणि थांब. नथ घातली की नाक किती पसरट आहे हे कुणी बघत नाही, नथच बघतात. प्रेस बसते तिथे क्रीम काहीच नको, नुसती पावडर.

हळदीचं बरं विचारलंस. हळदीचा रंग पाण्याने नीट जात नाही, तेलात सुटतो. रात्री कापसावर खोबरेल तेल घेऊन चेहरा, कानामागची जागा, मान पुसून काढ, मग तोंड धू. तरी सकाळी पिवळी झाक राहतेच. म्हणून बेसचा शेड लग्नाच्या सकाळी पुन्हा जबड्यावर तपास, ट्रायलच्या भरवशावर राहू नको. जवळचे दोन शेड ठेव, लागलं तर मिसळ.

लेन्स :
मी लग्नांचे फोटो काढतो, मेकअपमधलं फार कळत नाही. एवढंच सांगतो की ट्रायलचा निकाल सेल्फीवरून लावू नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो. कुणाला तरी ५-६ फुटांवर उभं करा, थोडं झूम करून काढायला सांगा. एक फोटो फ्लॅश टाकूनही काढा. काही पावडरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढऱ्याफटक उमटतात, विशेषतः नुसत्या सिलिकाच्या पांढऱ्या पावडरी. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन जाड लावलं तरी तसंच होतं. नंतर आम्हाला एकेक फोटो दुरुस्त करत बसावं लागतं.

कृष्णाकाठ :
आज सकाळी करून बघितलं, माजघराच्या खिडकीपाशी. आईच्या लग्नातल्या मुंडावळ्या पेटीतून काढल्या आणि आधी त्याच बांधल्या. काकू म्हणाल्या तसंच झालं, गालांच्या कडा झाकल्या गेल्या. मग फक्त हाडाखाली क्रीम, जबड्याखाली थोडं आणि ते तीन ठिपके. अंगणात तीनदा नेलं. दुसऱ्यांदा उजवीकडे कानाजवळ कड दिसत होती, स्पंज पुन्हा ओला करून थोपटली. भावाने ६ फुटांवरून फोटो काढले. फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरं आलंच, ती पावडर बदलते. मंडपाचं कापड पिवळं-पांढरं आहे, काकांना फोन करून विचारलं.

बहीण बराच वेळ आरसा घेऊन ओसरीवर बसली होती. तोंड धुवायला दुपारी गेली.