कॉटनवर सब्लिमेशन: ग्लिटर विनाइल लावून बघा

कॉटनच्या पिशवीवरचं सब्लिमेशन (खास शाईने कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने उतरवणं) पहिल्याच धुण्यात फिकं पडलं म्हणताय, ते पडणारच, ती शाई पॉलिएस्टरलाच नीट धरते. मी पांढरं ग्लिटर विनाइल (कापडावर उष्णतेने चिकटणारी चमचमती शीट) वापरते, आधी हीट प्रेसने साधारण १६० डिग्रीला ते चिकटवायचं, गार झालं की वरची पारदर्शक शीट काढायची (एकदा विसरले, सगळी शाई त्या शीटवरच 😅) आणि मग प्रिंट पालथा ठेवून १९०-२०० ला ४०-५० सेकंद, पण आधी तुकड्यावर ट्रायल घ्याच. काळ्या कापडावरही जमतं, कारण सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसतेच, पांढरं दिसतं ते विनाइलच. साधं पीयू (पॉलियुरेथेनचं, बिनचमकीचं) विनाइल मात्र नको, सुरुवातीला झकास दिसतं आणि काही दिवसांनी चित्राच्या कडा पसरतात, चेहऱ्याचा फोटो असेल तर पार धुरकट होतो.